दूरस्थ ज्योतींच्या छायाचित्रांत मास्कचा उपयोग

पुण्याच्या पश्चिमेस, मुळशी तालुक्यात, मुठा नदीच्या वरच्या खोऱ्यात मुठा हे गाव वसलेले आहे. पावसाळ्याचे चार महिने वगळले, तर येथील रात्र आकाशनिरीक्षणास पुण्यातील कोणत्याही गच्चीपेक्षा पुष्कळच अनुकूल असते. पश्चिमेचे आकाश सह्याद्रीच्या रांगांवर उतरते व ते बऱ्यापैकी काळे असते. पूर्वेस मात्र पुण्याच्या दिव्यांची आभा क्षितिजावर बरीच वर चढलेली दिसते. परिणामी, या ठिकाणाहून घेतलेल्या प्रत्येक दीर्घ छायाचित्रात एक उतार आपोआप येतो: चौकटीची पूर्वेकडील कड उजळ, पश्चिमेकडील कड काळी. मृगातील तेजोमेघ येथून मध्यान्हवृत्तावर सुमारे ६६ अंश उंचीवर येतो, म्हणजे तो जवळजवळ डोक्यावरून जातो. तरीही रात्रीच्या पूर्वार्धात, म्हणजे तो पूर्वेकडे असताना घेतलेली चित्रे आणि तो पश्चिमेकडे कलल्यावर घेतलेली चित्रे यांत पार्श्वभूमीचा फरक सहज लक्षात येतो.

पुण्यात एके काळी यासाठी गावाबाहेर जावे लागत नसे. येथील कॉलेज ऑफ सायन्समध्ये १८८८ साली उभारलेल्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेत २० इंच व्यासाचा ग्रब बनावटीचा परावर्ती दूरदर्शक होता, आणि कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी त्याच शहरातून मृगातील तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला होता. १९१२ मध्ये वेधशाळा बंद झाली व तो दूरदर्शक कोडाईकनालला गेला. आज त्याच परिसरातून त्या तेजोमेघाचा गाभा तेवढा दिसू शकेल. त्याचे पंख पाहण्यासाठी मुठ्याच्या खोऱ्यासारखी जागा शोधावी लागते, आणि तेथे गेल्यावरही चित्रावर बरेच संस्कार करावे लागतात. या संस्कारांपैकी जो सर्वांत उपयोगी आणि, आमच्या मते, सर्वांत धोक्याचाही आहे, त्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तो म्हणजे मास्कचा उपयोग.

प्रथम शब्दासंबंधी. मास्कला 'मुखवटा' म्हणण्याचा मोह होतो, परंतु तो प्रतिशब्द येथे दिशाभूल करणारा आहे. मुखवटा खरा चेहरा झाकून दुसरा चेहरा दाखवितो. येथे अभिप्रेत असलेल्या साधनाचे काम चित्राचा काही भाग सुरक्षित ठेवणे, एवढेच आहे. घराला रंग देताना खिडकीच्या काचेवर कागद चिकटवितात, त्या कागदाशी याचे साम्य अधिक. 'आच्छादन' हा शब्द अर्थास जवळचा असला तरी विद्यार्थ्यांच्या तोंडी 'मास्क' हाच रुळलेला आहे; सबब तोच वापरू.

मास्कची गरज का भासते, हे आकड्यांवरून लवकर समजेल. समजा, मुठ्याहून देवयानी दीर्घिकेची, म्हणजे मेसिए-३१ ची, तीन मिनिटांची शंभर उद्भासने घेतली. दर उद्भासनात आकाशाच्या स्वतःच्या उजेडामुळे प्रत्येक चित्रकणात ३,६०० इलेक्ट्रॉन जमा होतात असे धरू. दीर्घिकेच्या बाहेरील अंधुक भुजेपासून त्यांत केवळ ३६ इलेक्ट्रॉनांची भर पडते. गाभ्यापासून ३,६०० ची पडते. प्रकाशकणांचे आगमन पॉयसन वितरणानुसार होत असल्याने गोंगाट हा एकूण संख्येच्या वर्गमुळाइतका असतो. शंभर उद्भासनांच्या बेरजेत भुजेचा संकेत ३,६०० आणि गोंगाट सुमारे ६०३ येतो, गुणोत्तर ६. गाभ्याचा संकेत ३,६०,००० आणि गोंगाट सुमारे ८४९, गुणोत्तर ४२४. एकाच चौकटीत, एकाच रात्री, एकाच यंत्राने टिपलेल्या या दोन भागांच्या विश्वसनीयतेत सत्तर पटींचे अंतर आहे.

आता या चित्रावर गोंगाट कमी करण्याची एखादी क्रिया करावयाची आहे. पाच गुणिले पाच चित्रकणांची सरासरी घेतली, तर गोंगाट पाचपट कमी होतो व भुजेचे गुणोत्तर ३० पर्यंत जाते. हा मोठाच लाभ होय. परंतु हीच क्रिया गाभ्यावर केली तर तेथे मिळविण्यासारखे काही नसते, आणि धुळीच्या बारीक रेषा मात्र पुसल्या जातात. उलट, तपशील तीक्ष्ण करणारी विसंवलनासारखी क्रिया गाभ्यास मानवते, पण भुजेत तीच क्रिया गोंगाटाचे दाणे फुगवून त्यांचे बनावट तारे करते. म्हणजे जी क्रिया एका भागास हितकर, ती दुसऱ्यास अपायकारक. ज्या चित्रात संकेताची प्रत सर्वत्र सारखी नाही त्यावर सर्वत्र सारखी क्रिया करणे अयोग्य आहे, हेच मास्कच्या उपयोगाचे तात्त्विक समर्थन आहे. चित्र सुंदर दिसावे हे प्रयोजन त्यानंतरचे.

दुसरे कारण चित्र 'ताणण्या'चे. मूळ बेरीज रेषीय असते व ती पडद्यावर जवळजवळ काळी दिसते, कारण तेजोमेघाच्या गाभ्याची व कडेची दीप्ती हजारो पटींनी भिन्न असते. म्हणून मध्यछटा-रूपांतर नावाचे एक अरेषीय फलन वापरण्याचा प्रघात आहे. त्याचा मध्यबिंदू ०.०१ वर ठेवला, तर ०.००५ व ०.०१ या छटा अनुक्रमे ०.३३ व ०.५० होतात, अंधारातील दुपटीचा फरक डोळ्यांस दिसू लागतो. परंतु ०.१ व ०.५ या छटा ०.९२ व ०.९९ होतात, पाचपटीचा फरक जवळपास नाहीसा होतो. फलनाचा चढ काढून पाहिला तर ०.०१ पाशी तो २५ हून किंचित अधिक येतो आणि ०.५ पाशी सुमारे १/२५. अंधारातील गोंगाट पंचवीस पट वाढला आणि गाभ्यातील छायाभेद पंचविसाव्या हिश्श्यावर आला, असा या एका क्रियेचा हिशेब आहे. मृगातील तेजोमेघाच्या असंख्य छायाचित्रांत मधोमध जो पांढरा डाग दिसतो, त्याचे मूळ पुष्कळदा या हिशेबात असते. तेथील समलंब तारकापुंज चित्रात नोंदला गेलेला असतो, पण ताणण्यात हरवतो. अर्थात चित्रकण मुळातच तुडुंब भरून गेले असतील, तर कोणताही मास्क हरवलेली माहिती परत आणू शकत नाही. त्यासाठी काही सेकंदांची वेगळी उद्भासने घ्यावीच लागतात आणि ती मास्कच्या साहाय्याने मुख्य चित्रात बसवावी लागतात.

गणिती दृष्ट्या मास्क म्हणजे मूळ चित्राच्याच आकाराचे दुसरे एक चित्र, ज्याच्या प्रत्येक चित्रकणाचे मूल्य ० व १ यांच्या दरम्यान असते. मूळ चित्र मू, संस्कारित चित्र प्र, मास्क आ आणि फलित न असे मानले तर

न = मू + आ × (प्र − मू)

एवढे एकच समीकरण या सर्व खटाटोपाच्या मुळाशी आहे. आ शून्य असेल तेथे मूळ चित्र अबाधित राहते. एक असेल तेथे संस्कार पूर्ण होतो. मधल्या मूल्यांस दोहोंचे मिश्रण मिळते. मूळ छटा ०.६०, संस्कारित छटा ०.५० आणि मास्क ०.३ असल्यास फलित ०.५७. फोटोशॉप असो, पिक्सइन्साइट असो की मोफत मिळणारे सिरिल वा जिम्प असो, खिडक्यांची व बटणांची नावे बदलतात, समीकरण बदलत नाही.

ही कल्पना संगणकाच्या आधीची आहे, हे नव्या विद्यार्थ्यांस माहीत नसते. अंधाऱ्या खोलीत छायाचित्रकार प्रकाशक्षेपकाच्या किरणांत हाताचा पंजा किंवा पुठ्ठ्याचा तुकडा हलवीत ठेवून प्रतीचा काही भाग जादा उजेडापासून वाचवीत असत. तो हलता पंजा म्हणजेच मऊ कडांचा मास्क. तो हलवावयाचा का, तर स्थिर ठेवल्यास त्याची कड कागदावर उमटते म्हणून. याच तत्त्वाचा शास्त्रशुद्ध उपयोग ऑस्ट्रेलियातील अँग्लो-ऑस्ट्रेलियन वेधशाळेत डेव्हिड मॅलिन यांनी १९७० नंतरच्या दशकात केला. मूळ काचपट्टीवरील ऋणप्रतीची एक फिकी धनप्रत ते फिल्मवर घेत. पसरट प्रकाशात आणि मध्ये काचेच्या जाडीचे अंतर ठेवून घेतल्यामुळे ही धनप्रत धूसर येई. मग ती धूसर धनप्रत व मूळ ऋणप्रत एकमेकींवर ठेवून त्यांतून प्रकाश सोडला की दोहोंची घनता एकत्र होऊन मोठ्या प्रमाणावरचे चढउतार रद्द होत आणि बारीक तपशील शिल्लक राही. घनता ही प्रकाशाच्या लॉगरिथमशी निगडित असल्याने ही प्रत्यक्षात लॉगरिथमांची वजाबाकी होती, आणि ती करण्यासाठी लागणारे सर्व 'गणक' म्हणजे एक काच व एक दिवा. या व अशाच अन्य पद्धतींनी लंबवर्तुळाकार दीर्घिकांभोवतीची अत्यंत फिकी कवचे उजेडात आली. मॅलिन व कार्टर यांनी १९८० साली त्यांचा वृत्तान्त दिला आणि १९८३ मध्ये अशा १३७ दीर्घिकांची सूची प्रसिद्ध केली. दीर्घिकांच्या विलीनीकरणाच्या अभ्यासात या कवचांना आज महत्त्वाचे स्थान आहे. मास्कमुळे खरी गोष्ट दिसू लागते, याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

मास्क करण्याच्या पद्धतींपैकी सर्वांत सोपी म्हणजे चित्राची स्वतःचीच दीप्ती मास्क म्हणून वापरणे. उजळ भाग उजळ, अंधारा भाग अंधारा. त्याचा व्यत्यास घेतला की उलट. यात हाताने काही रंगविलेले नसते, त्यामुळे ही पद्धत वस्तुनिष्ठ समजली जाते. येथे एक बारकावा आहे, ज्याचा उल्लेख आम्हांस मार्गदर्शिकांतून क्वचितच आढळला. मास्क ज्या चित्रापासून केला त्याच चित्राचा गोंगाट मास्कमध्येही असतो. समजा, गुळगुळीत केलेल्या चित्राचे मूल्य स आहे, मूळ चित्राचे स + ग आहे, आणि मूळ चित्र किती राखावयाचे हे त्याची स्वतःचीच दीप्ती, म्हणजे स + ग, ठरविते. समीकरणात मांडणी केल्यास फलित

न = स + स × ग + ग²

असे येते. मधल्या पदाची सरासरी शून्य. शेवटच्या पदाची मात्र नाही. योगायोगाने उजळ झालेला चित्रकण मास्कमुळे अधिक राखला जातो, योगायोगाने काळवंडलेला अधिक पुसला जातो, आणि पार्श्वभूमीची सरासरी गोंगाटाच्या वर्गाइतकी वर सरकते. ताणलेल्या चित्रात गोंगाटाचे प्रमाण विचलन ०.०५ असेल तर ही वाढ ०.००२५. आकडा क्षुल्लक वाटेल. परंतु भिंगाच्या कोपऱ्यांत प्रकाश कमी पोहोचतो. समतल-चौकटीने भागून आपण दीप्ती सारखी करतो, गोंगाट मात्र कोपऱ्यांत अधिकच राहतो. तेथे तो ०.०८ असल्यास वाढ ०.००६४ होते आणि चारही कोपरे उगाचच उजळतात. अंधुक तेजोमेघाच्या शोधात असलेल्याला हा फरक नगण्य नव्हे. उपाय साधा आहे: मास्क वापरण्यापूर्वी तो स्वतंत्रपणे धूसर करून घ्यावा, म्हणजे त्यातील गोंगाटाचा चित्रातील गोंगाटाशी असलेला संबंध तुटतो.

ताऱ्यांसाठी वेगळा मास्क लागतो. तारे हे बिंदुवत् असल्याने लहान प्रमाणावरचे तपशील तरंगिका-विश्लेषणाने वेगळे काढून तो करतात. त्याचा उपयोग दोन प्रकारचा: एक तर तारे वाचवून बाकीचे चित्र ताणणे, किंवा केवळ ताऱ्यांचेच आकार आवरणे. पहिल्या प्रकारात मास्कचे वर्तुळ ताऱ्याच्या प्रभेपेक्षा मोठे झाले, तर ताऱ्याभोवतीची आकाशाची कडी न ताणता तशीच राहते आणि प्रत्येक ताऱ्याभोवती काळे कंकण दिसते. लहान झाले, तर प्रभेचा घेर ताणला जाऊन उजळ कंकण दिसते. एखाद्याने घाईत केलेले चित्र ओळखावयाचे असेल तर ताऱ्यांच्या भोवताली पाहावे. हल्ली न्यूरल जालांवर आधारलेली साधने तारे पूर्णपणे काढून टाकतात व त्यांच्या जागी तेजोमेघ 'भरून' देतात. ती वेळ वाचवितात हे खरे. पण भरलेला भाग हा अनुमानाने रंगविलेला आहे, मोजलेला नाही, हे विसरता येत नाही. शोधकार्याच्या चित्रांत आम्ही त्यांचा वापर टाळतो.

आता या विषयातील मुख्य अडचणीकडे वळू. काही वर्षांपूर्वी प्रस्तुत लेखकाने देवयानी दीर्घिकेच्या एका प्रतिमेवर काम करताना गाभ्याची दीप्ती मास्कच्या साहाय्याने खाली आणली. चित्र उत्तम साधले. त्यात गाभ्याभोवती एक फिके, सलग वलय दिसू लागले. देवयानीत केंद्रापासून सुमारे १० किलोपारसेकांवर धुळीचे व तारकानिर्मितीचे खरे वलय आहेच. हे त्याच्या बरेच आत होते. दोन दिवस ते वलय खरे मानून लेखक त्याविषयी सहकाऱ्यांशी उत्साहाने बोलत होता. तिसऱ्या दिवशी एका विद्यार्थिनीने मास्कची रुंदी किती होती, असे विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती आले, ते पुढे देत आहे.

वरील समीकरणाचे केंद्रापासूनच्या अंतरानुसार विकलन केले, तर तीन पदे मिळतात: मूळ चित्राचा उतार, मास्क × संस्कारामुळे बदललेला उतार, आणि मास्कचा उतार × (प्र − मू). पहिल्या दोन पदांचा आकाशाशी काही संबंध आहे. तिसऱ्याचा नाही. ते सर्वस्वी आपण घातलेले आहे. दीर्घिकेची दीप्ती बाहेर जाताना कमी होते, म्हणजे पहिले पद ऋण. संस्कार गाभा काळवंडणारा, म्हणून (प्र − मू) ऋण. मास्कही बाहेर जाताना कमी होतो, म्हणून त्याचा उतार ऋण. आणि ऋण गुणिले ऋण म्हणजे धन. मास्कची कड जितकी आवळलेली, तितके हे धन पद मोठे. ते पहिल्या पदावर मात करील तेथे चित्र बाहेर जाताना उजळू लागते, आणि वलय जन्मास येते.

आकडे घालून पाहू. दीर्घिकेची छटा केंद्रापासून २०० चित्रकणांत ०.६० वरून ०.४० वर येते. उतार दर चित्रकणास ०.००१. संस्काराने ती सर्वत्र ०.२० ने खाली आणावयाची आहे. मास्क ७५ व्या चित्रकणापासून १२५ व्या चित्रकणापर्यंत एकावरून शून्यावर येतो. ७५ व्या चित्रकणाशी मूळ छटा ०.५२५, फलित ०.३२५, १२५ व्याशी मूळ छटा ०.४७५ आणि फलितही तेवढेच. केंद्रापासून निघालेली छटा ०.४० वरून ०.३२५ पर्यंत उतरते, मग ०.४७५ पर्यंत चढते व पुन्हा उतरते. एक काळे कडे आणि त्याबाहेर एक उजळ कडे. दोन्ही निर्मळ, दोन्ही असत्य. हे टळावयाचे असेल, तर मास्कच्या कडेची रुंदी (प्र − मू) ला दीर्घिकेच्या उताराने भागून येणाऱ्या संख्येपेक्षा, म्हणजे येथे २०० चित्रकणांपेक्षा, अधिक हवी. हे सरळ उताराच्या मास्कसाठी झाले. तीक्ष्ण कडेवर गाउसीय धूसरीकरण केले असता कडेच्या मध्याशी उतार सर्वाधिक असतो व तो ०.४ भागिले प्रमाण विचलन इतका येतो. म्हणून या उदाहरणात धूसरीकरणाचे प्रमाण विचलन किमान ८० चित्रकण ठेवावे लागेल. दहा वा वीस चित्रकणांचे धूसरीकरण डोळ्यांस पुरेसे मऊ दिसते, आणि तेथेच फसगत होते. लेखकाच्या चित्रातील मास्क वीसचा होता.

असे वलय ओळखावयाचे कसे? गोंगाटाच्या परीक्षेत वापरतात ती नेहमीची युक्ती, म्हणजे उद्भासनांचे दोन निम्मे गट करून दोन स्वतंत्र चित्रे करणे, येथे निरुपयोगी आहे. गोंगाट दोन गटांत वेगळा असतो. मास्कचा दोष दोन्हींत तंतोतंत एकाच जागी उमटतो आणि उलट खोटा विश्वास देतो. खरी परीक्षा मास्क बदलून पाहण्याची आहे. रुंदी दुप्पट करावी, मध्य थोडा सरकवावा. जे मास्कबरोबर सरकते ते मास्कचे; जे जागचे हलत नाही ते आकाशाचे असण्याचा संभव आहे. याहून निर्णायक परीक्षा म्हणजे संगणकात एक पूर्णपणे गुळगुळीत, वलयरहित कृत्रिम दीर्घिका रचून तिच्यावर तोच मास्क व त्याच क्रिया त्याच क्रमाने कराव्यात. तिच्याभोवतीही वलय उगवले, तर प्रश्न मिटला. आमच्या बाबतीत तो असाच मिटला. शेवटची कसोटी अर्थातच मूळ रेषीय बेरजेची: केंद्राभोवती समान अंतरावरच्या चित्रकणांची सरासरी घेऊन आलेख काढावा. डोळ्यांस न दिसणारी गोष्ट आलेखात दिसते, आणि डोळ्यांस दिसलेली कित्येकदा दिसत नाही.

याचे महत्त्व केवळ वर्गातल्या अभ्यासापुरते नाही. २०२२ साली फ्रान्स व जर्मनीतील हौशी निरीक्षकांनी शंभराहून अधिक तासांची उद्भासने एकत्र करून देवयानी दीर्घिकेच्या आग्नेयेस आयनीभूत ऑक्सिजनच्या प्रकाशात सुमारे दीड अंश लांबीचा एक कंस दाखवून दिला. व्यावसायिक खगोलशास्त्रज्ञांच्या सहकार्याने त्याची नोंद जानेवारी २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली. आकाशात ज्या वस्तूचे सर्वाधिक छायाचित्रण झाले असेल अशा दीर्घिकेच्या शेजारी ही गोष्ट तोवर कोणाच्याही लक्षात आलेली नव्हती. ती मान्य झाली याचे कारण चित्र देखणे होते हे नव्हे. वेगळ्या दूरदर्शकांनी, वेगळ्या कॅमेऱ्यांनी व वेगळ्या संस्कारक्रमांनी घेतलेल्या चित्रांत तो कंस त्याच जागी सापडला, हे होय. लहान दुर्बिणीने मुठ्यासारख्या गावातून काम करणाऱ्यालाही आज असे काही सापडण्याचा संभव आहे. आणि म्हणूनच त्याच्या मास्कच्या कडांविषयी प्रश्न विचारणे अगत्याचे आहे.

मास्कचा दुसरा एक अर्थ संशोधनात अधिक रूढ आहे. तेथे मास्क म्हणजे वगळावयाच्या चित्रकणांची यादी. मुठ्याच्या चित्रातील पुण्याच्या आभेचा उतार काढून टाकावयाचा, तर आकाशाच्या रिकाम्या भागांवरून एक बहुपदी पृष्ठ बसवावे लागते. आणि रिकामे भाग निवडण्यासाठी तारे व दीर्घिका मास्कने झाकाव्या लागतात. बर्टिन व आर्नूट्स यांनी १९९६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सोर्स एक्स्ट्रॅक्टर या आज्ञावलीने असे मास्क आपोआप तयार करता येतात. येथे धोका उलट्या दिशेचा आहे. आज्ञावलीचा उंबरठा जेथे संपतो तेथे दीर्घिका संपत नाही. देवयानीची व्याप्ती आकाशात तीन अंशांहून अधिक आहे; साडेतीन अंशांच्या चौकटीत खरे रिकामे आकाश कोपऱ्यांपुरतेच उरते. मास्क आखूड पडला, तर दीर्घिकेची बाह्य प्रभाच 'पार्श्वभूमी' समजली जाते व वजा होते. बहुपदीची कोटी जितकी उच्च, तितकी ती या प्रभेला अधिक निष्ठेने चिकटते. आमचा अनुभव असा की, मुठ्याहून घेतलेल्या चित्रांस पहिल्या किंवा फार तर दुसऱ्या कोटीचे पृष्ठ पुरते, कारण दूरच्या शहराची आभा ही सौम्य उताराचीच असते. त्याहून गुंतागुंतीचा उतार निघाला, तर दोष आकाशात न शोधता समतल-चौकटीत शोधावा. शक्य असल्यास चौकट बाजूला सरकवून शेजारच्या मोकळ्या आकाशाची वेगळी उद्भासने घ्यावीत, हे सर्वांत बरे.

रेडिओ खगोलशास्त्राच्या विद्यार्थ्यांस हे सर्व ओळखीचे वाटेल. नारायणगावजवळ खोडद येथील महाकाय मीटरतरंग रेडिओ दूरदर्शकाच्या प्रदत्तांवरून प्रतिमा तयार करताना होग्बोम यांची १९७४ ची 'क्लीन' पद्धती वापरतात, आणि तीतही उद्गम कोठे शोधावयाचा हे मास्कनेच ठरते. मास्कबाहेर राहिलेल्या खऱ्या उद्गमाचे पार्श्वपाळे प्रतिमेत तसेच राहतात. मास्कच्या आत सापडलेला गोंगाट उद्गम म्हणून गणला जातो. प्रश्न तोच, फक्त साधन निराळे.

दीप्तिमापनासंबंधी एक स्पष्ट नियम सांगता येतो. मास्कने संस्कारलेल्या चित्रावरून कोणतीही दीप्ती मोजू नये. त्यात प्रत्येक चित्रकणाचे प्रमाण वेगळे झालेले असते, आणि ते प्रमाण मास्क जवळ असल्याखेरीज उलटे करता येत नाही. मोजमाप रेषीय बेरजेवर करावे व संस्कारित चित्र केवळ पाहण्यासाठी ठेवावे. म्हणून आमच्या विभागात प्रत्येक प्रसिद्ध करावयाच्या चित्राबरोबर तीन फाइली जतन करण्याची पद्धत पडली आहे: रेषीय बेरीज, अंतिम चित्र, आणि वापरलेला प्रत्येक मास्क. १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या फिट्स या प्रमाण स्वरूपात शीर्षभागात क्रियांचा इतिहास लिहिण्याची सोय आहे. मास्क कोणत्या चित्रापासून केला, त्याचा उंबरठा काय, धूसरीकरणाचे प्रमाण विचलन किती चित्रकण, व तो सरळ वापरला की व्यत्यस्त, एवढ्या चार गोष्टी तेथे लिहिण्यास दोन मिनिटे पुरतात. हाताने रंगविलेला मास्क असेल तर तसे लिहावे. त्यात कमीपणा नाही, परंतु त्याची फाइल मात्र अवश्य ठेवावी, कारण तो पुन्हा तसाच रंगविता येत नाही. वर उल्लेखिलेले वलययुक्त चित्र व त्याचा वीस चित्रकणांचा मास्क विभागाच्या संगणकावर ठेवलेला आहे. ज्यांस तो रुंद करून वलय नाहीसे होताना पाहावयाचे असेल, त्यांनी ते अवश्य उघडावे.